ॲक्रिलिकने रंगवलेलं कापड धुण्यात टिकवायचं असेल तर

ॲक्रिलिकच्या ट्यूबा हाताशी असतात, समोर साधा पांढरा टी-शर्ट असतो आणि हात शिवशिवायला लागतात. दोन तासांत पान, पक्षी, मनात असेल ते उमटतं. घालून आरशात बघावंसं वाटतं. मग येतं पहिलं धुणं, आणि कापड वाळलं की घडीच्या रेघेवर बारीक पांढऱ्या भेगा दिसतात. माझ्या पहिल्या टी-शर्टचं हेच झालं. एका मोठ्या पानावर मी हौसेने जाडजूड रंग चढवला होता. तिसऱ्या धुण्याला त्याचे नखाएवढे पोपडे निघाले आणि खाली कोरं कापड जसंच्या तसं होतं, जणू रंग त्याला कधी लागलाच नव्हता.

ते कोरं कापड बघून मला पुढचं सगळं समजलं. रंग कापडाच्या वर बसून राहिला होता, धाग्यांत शिरलाच नव्हता. या लेखातली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे: रंग धाग्यात उतरवायचा, तिथे लवचिक ठेवायचा आणि मग पक्का करायचा.

ॲक्रिलिक कापडाला धरतं कसं

ॲक्रिलिक रंगात तीन गोष्टी असतात: रंगद्रव्याची पूड, ॲक्रिलिक पॉलिमरचे अतिशय सूक्ष्म कण आणि पाणी. पाणी उडून जातं तसे पॉलिमरचे कण जवळजवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि प्लास्टिकचा एक सलग पापुद्रा तयार होतो. रंगद्रव्य त्यात अडकतं. हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याला घाबरायचं कारण नाही. धुण्यात रंग जातो तो चोळण्याने, पिळण्याने आणि कापड ताणलं-दुमडलं गेल्याने.

कपडे रंगवायचा डाय धाग्याच्या आत जाऊन तंतूला चिकटतो. ॲक्रिलिक तसं करत नाही. ते धाग्याभोवती गुंडाळून बसतं. गुंडाळायला धाग्यांमधली जागा मिळाली तर पकड घट्ट बसते, नाही मिळाली तर ते वर तरंगतं आणि पहिल्या ओढाताणीत सुटतं.

चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक लिक्विटेक्स या नावाने १९५५ मध्ये बाजारात आलं. ते होतं कॅनव्हाससाठी. कॅनव्हास हेही कापडच, पण ते चौकटीवर ताणून बसवलेलं असतं. त्याला कुणी बादलीत बुडवत नाही की पिळत नाही. अंगात घालायच्या कपड्याचं आयुष्य अगदी उलटं असतं. म्हणून कॅनव्हासवर चालणारी रीत कपड्यावर जशीच्या तशी चालत नाही.

कापड निवडताना

सुरुवात सुती कापडावर करा. मांजरपाट, साधी सुती पिशवी, उशीचा अभ्रा, डेनिम यांची वीण उघडी असते आणि धागा पाणी पितो. लिननही उत्तम. सुती-पॉलिस्टर मिश्रण चालतं, मात्र त्यात सुताचा वाटा जितका जास्त तितकं बरं. निव्वळ पॉलिस्टर आणि नायलॉन यांचे धागे गुळगुळीत असतात, रंग त्यांच्यावरून घसरतो. रेशीम आणि लोकर नवख्याने पहिल्या दिवशी हातात घेऊच नये. पाणी न शोषणारा लेप दिलेलं कापड, म्हणजे रेनकोटसारखं काही, त्यावर तर वेळ घालवू नका.

शंका असेल तर पाण्याचा एक थेंब कापडावर टाका. दोन-तीन सेकंदांत तो आत मुरला तर रंगही मुरेल. मोत्यासारखा गोल होऊन वर बसला तर कापडात खळ, तेल किंवा लेप आहे. खळ आणि तेल धुऊन जातं, लेप जात नाही. धुतल्यावर पुन्हा थेंब टाकून बघा.

पहिल्यांदाच करत असाल तर टी-शर्टऐवजी पिशवी घ्या असं मी आग्रहाने सांगेन. टी-शर्टचं कापड विणकामाचं असतं, फासे असलेलं, ते चारही बाजूंनी ताणलं जातं आणि त्यावरचा रंगही ताणला जातो. पिशवीचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं, जवळजवळ न ताणणारं. त्यावर हात बसला की मग टी-शर्टकडे वळा.

आधी धुवा, मग रंगवा

नवं कापड कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात खळ असते. ती धाग्यांमधली जागा बुजवते आणि रंग खळीला चिकटतो. पुढच्या धुण्यात खळ विरघळते आणि रंग तिच्याबरोबर जातो. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी रंगवलं आणि नंतर कापड आटलं तर रंगाचा पापुद्रा आटत नाही, आणि चित्राच्या कडेने चुण्या पडतात. त्या इस्त्रीनेही पुरत्या जात नाहीत.

कोमट पाणी आणि साधी साबण पावडर एवढ्यावर धुवा. कपडे मऊ करणारं फॅब्रिक सॉफ्टनर या धुण्यात अजिबात नको. ते धाग्यावर पातळ लेप सोडतं, आणि आपल्याला नेमका तोच काढायचा आहे. खळखळून धुवा, पूर्ण वाळवा, इस्त्री करा. चुरगळलेल्या कापडावर रंगवलं तर प्रत्येक चुणीच्या पोटात कोरी रेघ राहते.

फॅब्रिक मीडियम, आणि पाण्याचा मोह

फॅब्रिक मीडियम म्हणजे दुधासारखं दिसणारं, वाळल्यावर पारदर्शक होणारं द्रव्य. तेही पॉलिमरच आहे, फक्त अधिक मऊ जातीचं. ते रंगात मिसळलं की रंग पातळ होऊन धाग्यांत उतरतो आणि वाळल्यावरही वाकतो. बहुतेक बाटल्यांवर दोन भाग रंगाला एक भाग मीडियम, किंवा दोन्ही समसमान, असं प्रमाण दिलेलं असतं. तुमच्या बाटलीवर जे लिहिलं असेल ते पाळा. मोजायला एकच छोटा चमचा ठेवा. अंदाजाने ओतलं तर पहिल्या वाटीतला निळा आणि दुसऱ्या वाटीतला निळा वेगळे वागतात. रंग जाड ट्यूबचा असेल तर समसमान प्रमाण मला जास्त आवडतं. छटा थोडी फिकी होते, पण कापड हाताला कापडासारखं लागतं.

रंग घट्ट वाटला की हात आपसूक पाण्याकडे जातो. इथेच बहुतेकांची फसगत होते. जास्त पाण्याने पॉलिमरचे कण इतके लांब लांब जातात की सलग पापुद्रा बनत नाही. रंगद्रव्य नुसतं पावडरीसारखं धाग्यावर पडून राहतं आणि धुताना बादलीत उतरतं. शिवाय पातळ रंग धाग्यांमधून वाट काढत पसरतो, रेषा फुटते. पातळ करायचं असेल तर मीडियमने करा. पाणी ब्रश ओलसर ठेवण्यापुरतं.

मीडियमच्या जागी ग्लिसरीन किंवा पांढरा गोंद घालण्याचे घरगुती उपाय बरेचजण सुचवतात. मी दोन्हींच्या विरोधात आहे. ग्लिसरीन पाण्यात विरघळतं. त्याने आलेला मऊपणा पहिल्या धुण्यातच निघून जातो. कागदकामाचा पांढरा गोंद वाळल्यावरही पाण्याने पुन्हा मऊ पडतो. धुण्यात टिकायचं म्हणून पाण्याने सुटणारी वस्तू रंगात घालण्यात काय अर्थ?

मीडियम न वापरता रंगवलं तर? भिंतीवर टांगायच्या कापडाला चालेल. क्वचित धुवायच्या पिशवीवर अगदी पातळ थर दिला तर तोही बराच काळ राहतो. आठवड्याला धुवायच्या कपड्यावर मात्र मीडियमशिवाय मी ब्रश टेकवत नाही.

चिंधी

ही पायरी सगळ्यात जास्त जण गाळतात आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या कापडावर काम करायचं त्याच कापडाचा, किंवा त्याच जातीच्या जुन्या कपड्याचा, वीतभर तुकडा घ्या. त्यावर वापरणार असाल त्या प्रत्येक रंगाचा दोन बोटं रुंद पट्टा ओढा: एक थराचा, त्याशेजारी दोन थरांचा. खाली बॉलपेनने प्रमाण लिहा. पुढे सांगितल्याप्रमाणे वाळवा, इस्त्री करा, थांबा. मग पट्टे आडवे कापून तुकड्याचे दोन भाग करा. एक भाग कपाटात ठेवा, दुसरा घरच्या नेहमीच्या धुण्यात पाच वेळा टाका.

मग दोन्ही शेजारी ठेवून खिडकीपाशी बघा. नखाने पट्टा खरवडा. तुकडा दुमडून चिमटीत दाबा आणि उलगडा. दोन थरांच्या पट्ट्यावर घडीची पांढरी रेघ उमटली आणि एका थराच्या पट्ट्यावर नाही, तर उत्तर तुमच्या हातात आहे. माझ्याकडे अशा चिंध्यांचा एक डबा भरला आहे आणि नवीन रंग आणला की आधी मी त्यातली त्याच जातीची चिंधी शोधते.

मांडणी आणि रेखाटन

टी-शर्ट किंवा पिशवी असेल तर आत जाड पुठ्ठा घाला, त्याला प्लास्टिकची पिशवी चढवून. नाहीतर रंग मागच्या पदराला लागतो आणि दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात. कापड पुठ्ठ्यावर सपाट असावं, ताणलेलं नको. ताणून रंगवलं तर सोडल्यावर चित्र आकसतं.

रेखाटनाला शिंप्याचा खडू सगळ्यात बरा, झटकला की जातो. पेन्सिल वापरलीच तर अगदी हलक्या हाताने, कारण शिसं ओल्या रंगात मिसळून फिक्या छटा मळवतं. कार्बन पेपर नको. पाण्याने पुसल्या जाणाऱ्या पेनांच्या बाबतीत एक धोका लक्षात ठेवा: त्यांतल्या काहींची शाई इस्त्रीच्या उष्णतेने कायमची बसते. अशी रेघ रंगाच्या बाहेर राहिली तर ती तिथेच राहील.

प्रत्यक्ष रंगवताना

ब्रश आखूड आणि थोड्या ताठ केसांचा घ्या, सिंथेटिक. जलरंगाचा मऊ, लांब केसांचा ब्रश कापडावर नुसता लोळतो. चपटा ब्रश भरणीला, बारीक गोल ब्रश कडांना.

ब्रशवर रंग थोडाच घ्या आणि तो कापडावर पसरवण्याऐवजी धाग्यांत घासा. आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या. कापड जवळून बघितलं तर प्रत्येक उभा-आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतो तिथे एक इवलीशी खाच दिसते. त्या खाचेत रंग पोचायला हवा. वरवर फिरवलेल्या ब्रशने धाग्यांच्या पाठी रंगतात आणि खाचा कोऱ्या राहतात. थोडं अंतर घेऊन बघितलं की रंगावर पिठूळ छटा दिसते ती त्यामुळेच.

पोच नीट झाली का हे ओळखायची खूण मागच्या बाजूला आहे. हातभर रंगवून झालं की कापड उचलून उलटं बघा. मागे रंगाचे बारीक ठिपके दिसत असतील, धाग्यांच्या खाचांमधून डोकावणारे, तर हात अगदी बरोबर चालला आहे. मागे काहीच दिसत नसेल तर रंग वरच बसतोय, मीडियम थोडं वाढवा आणि जोर द्या. मागे ओला डाग पसरला असेल तर रंग फार पातळ आहे. पाठ कशी दिसते यावरून मला पुढच्या धुण्यांचा अंदाज येतो, पुढून चित्र कितीही सुंदर दिसो.

दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही चांगले. पहिला थर हाताला कोरडा लागला की दुसरा द्या. कॅनव्हासवर उठाव दाखवायला जे जाड फटकारे देतात ते कपड्यावर देऊ नका. घडी पडली की पहिल्यांदा तेच तडकतात.

गडद कापडावर एक वेगळी अडचण येते. पुष्कळसे पिवळे, काही लाल, काही हिरवे रंग मुळातच पारदर्शक असतात. काळ्या कापडावर ते दिसतच नाहीत आणि मग माणूस थरावर थर चढवत जातो. त्याऐवजी आधी टायटॅनियम व्हाइटमध्ये मीडियम घालून चित्राच्या आकाराचा पातळ थर द्या, वाळल्यावर गरज पडली तर आणखी एक, आणि त्यावर रंग. ट्यूबवर बहुधा छोटा चौकोन असतो: भरलेला असेल तर रंग अपारदर्शक, रिकामा असेल तर पारदर्शक. खरेदी करतानाच तो बघा.

स्टेन्सिल वापरत असाल तर ब्रशऐवजी स्पंजचा तुकडा घ्या, रंगात बुडवून आधी कागदावर टिपा आणि जवळजवळ कोरड्या स्पंजने उभा ठोका. आडवा फिरवला की रंग स्टेन्सिलखाली शिरलाच म्हणून समजा.

नको तिथे थेंब पडला तर चोळू नका. ओल्या फडक्याने वरून टिपा आणि लगेच पाणी-साबणाने त्या जागेपुरतं धुवा. मिनिटं महत्त्वाची आहेत. वाळलेला थेंब अल्कोहोलने थोडाफार सुटतो, पण शेजारचा रंगही सुटतो. त्यापेक्षा त्या थेंबाचं एखादं पान किंवा ठिपका करून टाकावा.

ब्रश हातावेगळा करताना आधी कागदाला पुसा आणि मग धुवा. दाट रंग थेट मोरीत सोडू नये, तो प्लास्टिकच आहे. रंगवताना मध्ये उठायचं असेल तर ब्रश पाण्यात ठेवा. केसांच्या मुळाशी ॲक्रिलिक वाळलं की ब्रश गेला.

वाळणं, इस्त्री, आणि थांबणं

हाताला कोरडं लागणं आणि आतून वाळणं वेगळं. सपाट ठेवून किमान २४ तास वाळू द्या, दमट हवेत दोन दिवस. फार थंडीत, साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली, पॉलिमरचे कण नीट जुळत नाहीत आणि पापुद्रा ठिसूळ होतो. अशा वेळी उबदार खोलीत वाळवा. हेअर ड्रायर दोन थरांच्या मधे वापरायला ठीक, पण त्याला इस्त्रीचा पर्याय समजू नका.

इस्त्रीपूर्वी आतला प्लास्टिक चढवलेला पुठ्ठा आठवणीने काढा. गरम इस्त्रीखाली ते प्लास्टिक वितळून कापडाला चिकटतं. त्याजागी साधा कागद किंवा जुनं सुती कापड घाला. इस्त्रीतलं पाणी रिकामं करा, वाफ बंद. सुती कापडाला सुती कापडाचं तापमान ठेवा, मिश्र कापडाला कमी तापमान आणि जास्त वेळ.

आधी कापड उलटं करून मागून इस्त्री करा. मग सुलट करून चित्रावर पातळ सुती फडकं टाकून वरून. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ होतं, त्यामुळे इस्त्री थेट रंगावर ठेवली तर रंग तिला चिकटतो. दर भागाला ३ ते ५ मिनिटं लागतात, आणि इस्त्री सतत फिरती हवी. पाच मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. प्रत्यक्षात एका छातीएवढ्या चित्राला अर्धा तास जातो, आणि याच अर्ध्या तासात लोक कंटाळून सोडून देतात. खिडकी उघडी ठेवा, थोडा वास येतो. या उष्णतेत पॉलिमरचे उरलेसुरले कण पुरते मिसळतात आणि पुष्कळ मीडियममधला बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा घटक, उष्णतेनेच पक्का होतो. बाटलीवर वेगळी वेळ दिली असेल तर ती धरा.

गरम असताना घडी घालू नका. रंगलेले दोन भाग एकमेकांवर आले तर चिकटतील. सपाट ठेवून थंड होऊ द्या.

यानंतर ४ ते ७ दिवस धुऊ नका. भेट द्यायची असेल तर हे दिवस आधीच हिशेबात धरा.

धुणं

पहिलं धुणं हाताने करा. कपडा उलटा, पाणी थंड किंवा किंचित कोमट, साबण सौम्य. भिजत घालून विसरू नका, दहा मिनिटं पुरतात. ब्रशने घासू नका, चित्र पिळू नका. मुठीत दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळत घाला. पहिल्या पाण्यात रंगाची अगदी फिकी झाक आली तर घाबरू नका, सैल राहिलेलं रंगद्रव्य सुटतं. पाणी चांगलंच रंगलं तर कपडा वाळवून इस्त्रीची पायरी पुन्हा करा. बहुतेक वेळा थोडंफार सावरतं.

पुढे मशीनमध्ये धुतलं तरी चालेल, उलटं करून, जाळीच्या पिशवीत, हलक्या चक्रावर. ब्लीच नको. ड्रायर नको, तिथे उष्णता आणि आपटणं एकदमच होतं. ड्राय क्लीनिंगला तर देऊच नका: तिथली द्रावणं ॲक्रिलिकला मऊ पाडतात. सॅनिटायझर आणि अत्तराचा फवारा चित्रावर पडू देऊ नका, अल्कोहोल हेच करतं.

लहान बाळाच्या, तोंडात घालता येईल अशा कपड्यांवर हे रंग वापरू नका. कॅडमियम किंवा कोबाल्ट असलेले रंग अंगावरच्या कपड्यांसाठी मी घेतच नाही. ट्यूबवर नावं लिहिलेली असतात, वाचून घ्या. पाठभर सलग रंगही नको. त्या भागातून हवा खेळत नाही, अंगाला चिकट वाटतं. मोकळी जागा सोडलेलं चित्र घालायला सुखाचं असतं.

इतकं करूनही कोपर, पिशवीचा तळ, खिशाची कड अशा जागी काही महिन्यांनी रंग विरळ होतो. तेव्हा कपडा सॉफ्टनरविना धुवा, वाळवा, सुटलेले पोपडे नखाने अलगद काढा, त्याच प्रमाणात मीडियम घालून तेवढ्या जागेवर पातळ रंग धाग्यांत घासा, आणि चोवीस तासांनी पुन्हा इस्त्री. मूळ छटा कशी केली होती ते त्या कामाच्या चिंधीवर बॉलपेनने लिहिलेलं असतंच.